टोपीरोटीची कढई कोणाची?

मित्रांनो, आधी तक्रार सांगते, मग ओळख करून देते.

विमला नावाच्या बाईकडे मी एका दुपारपुरती गेले आणि तिने मला पन्नास वर्षं परत केलं नाही. बरं, ठेवलं तर ठेवलं. पण माझ्या काठावर ठोकलेलं नाव कुणाला दिसू नये म्हणून तिने मला कायम ती बाजू भिंतीकडे करून टांगलं. मागच्या महिन्यात तिच्या सुनेने त्या अक्षरांवर बोट ठेवून विचारलं, "आई, हे काय आहे?" तेव्हा ही सत्तरी ओलांडलेली बाई पापणी न हलवता म्हणाली, "नक्षी आहे ते. लोहार काढतात अशी."

नक्षी! माझ्या मालकिणीच्या नावाला नक्षी म्हणाली. मी त्या वेळी चुलीवर नव्हते, तरी तापले.

तर मी एक लोखंडी कढई. वयाने जुनी, अंगाने जड आणि तोंडाने फटकळ. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. मराठी शिकले ती विमलाच्या स्वयंपाकघरात ऐकून ऐकून. तेव्हा माझी भाषा तुम्हाला तिखट लागली तर दोष तिचा आहे, माझा नाही.

माझा जन्म अभनपुरजवळच्या एका लोहाराच्या भात्यापुढे झाला. लोहार चिमट्यात धरायचा आणि त्याची बायको घण घालायची. बाई दणकट होती. तिच्या घणाच्या खुणा माझ्या पोटावर अजून आहेत, हात फिरवला तर कळतात. मी तयार झाले तेव्हा तिने मला पालथं घालून बोटाने टिचकी मारली, माझा आवाज ऐकला आणि म्हणाली, ही टिकेल. तिचं म्हणणं मी खरं करून दाखवलं. तुमच्या घरातली ती गुळगुळीत काळी भांडी आठवा बरं. दोन वर्षांत त्यांची कातडी सोलून निघते आणि तुमच्या भाजीत जाते. असो. मी कुणाची निंदा करत नाही.

आठवड्याच्या बाजारात एका माणसाने मला आपल्या मुलीच्या लग्नासाठी निवडलं. मुलीचं नाव शारदा. त्या काळी लेकीला भांडं द्यायचं तर त्यावर तिचं नाव घालून द्यायची रीत होती. लोहाराने छिन्नीने ठिपका ठिपका ठोकत माझ्या काठावर तीन अक्षरं उमटवली: शारदा. दुखलं मला. पण अभिमानही वाटला. आजवर मी बाजारातली एक कढई होते, आता कुणाची तरी झाले होते.

लग्न झालं आणि शारदा मला घेऊन छोट्या लाइनच्या, म्हणजे अरुंद रुळांच्या गाडीने रायपूरला आली. तिचा नवरा रेल्वेत फिटर होता. रेल्वे कॉलनीत त्यांना क्वार्टर मिळालं होतं, पुढे परछी म्हणजे ओसरी आणि मागे अंगण. शारदा मनमोकळी आणि मोठ्याने हसणारी होती. तिच्या हातून माझ्यात पहिल्यांदा भाजी पडली ती लाल भाजी, लसणाच्या फोडणीची. तो वास मी विसरले नाही.

शेजारच्या क्वार्टरमध्ये अनंतराव नावाचे रेल्वेतले बाबू राहायला आले आणि त्यांच्यामागून त्यांची नवी बायको आली. वर्ध्याची. हीच ती विमला. एकोणीस-वीस वर्षांची, चौथीपर्यंत शिकलेली, नाक सरळ आणि नाकावर राग. येताना तिने माहेरून ज्वारीचं पीठ आणलं होतं. ते संपलं. मग बाजारात ज्वारी शोधली तर जो तो तिला तांदूळच दाखवायचा. हा भाताचा मुलूख, मित्रांनो. इथे बाईला हवी तेव्हा हवी तेवढी ज्वारी कुठून मिळणार?

एका दुपारी विमलाने तांदळाच्या पिठाचं थालीपीठ लावायला घेतलं. कांदा, मिरची, ओवा, तीळ सगळं नीट. पण तांदळाचं पीठ ज्वारीसारखं वागेल कसं? तव्यावर टाकलं की चिरा, उलटलं की तुकडे. तिसरं थालीपीठ फुटलं तेव्हा ती तव्यासमोर बसून रडायला लागली. भिंत एकच होती, त्यामुळे शारदाला सगळं ऐकू गेलं. ती एका हातात सकाळचा उरलेला भात आणि दुसऱ्या हातात मला घेऊन आली.

"रोती काय को है?" तिने विचारलं. "हमारे यहां तो पिसान में भात मसल देते हैं, फिर नहीं टूटता."

"भात? थालीपिठात भात?" विमला नाक पुसत म्हणाली. "माझ्या आईनं पाहिलं तर घरात घेणार नाही मले."

"तो मां को मत दिखाना."

त्या दोघींनी भात कुस्करला, पिठात मळला आणि गोळा तव्याऐवजी माझ्यात थापला. विमलाने घाईघाईत तो तळाशी न थापता माझ्या काठापर्यंत पसरवला. मग आपल्या आईसारखी बोटाने भोकं पाडली आणि भोकाभोकात तेल सोडलं. शारदाने वर थाळी झाकली. शेगडीवर रेल्वेच्या कोळशाचा मंद जाळ होता. थोड्या वेळाने झाकण काढलं तर वास असा सुटला की मलाच माझा हेवा वाटला. पण उलटायला गेल्या तर अर्धं बाहेर आलं आणि अर्धं मी धरून ठेवलं. मी तेव्हा तरुण होते. सोडायचं कधी ते मला कळत नव्हतं.

दोघी हसल्या आणि तुकडे खाऊन टाकले. शारदा जाताना म्हणाली, "कराही इहेंच राहन दे. काली फेर करबो." कढईला ती कराही म्हणायची. मी इथेच राहावं, उद्या पुन्हा करू, असं तिचं म्हणणं होतं.

उद्याचा परवा झाला. पंधरा दिवस रोज दुपारी त्या दोघी माझ्यापाशी बसायच्या. भात जास्त झाला, कमी झाला. तीळ जळले. एकदा मीठच राहिलं, तेव्हा दोघींनी एकमेकींवर ढकललं. अखेर एक दिवस रोटी अख्खी सुटली. पालथ्या थाळीवर ती टोपीसारखी उभी राहिली, बाहेरून खरपूस आणि आतून मऊ. नेमकी त्या दिवशी शारदा माहेरी अभनपुरला गेली होती.

आता ऐका, गोम इथे आहे. मला परत करायचं तर रिकामं करता येत नव्हतं. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, त्यात काहीतरी घालूनच द्यायचं, ही विमलाच्या घरची शिस्त. तिने ठरवलं, शारदा आली की अख्खी टोपीरोटी माझ्यात घालून मला पोचवायचं. आदल्या दिवसाचे तुकडे घालून दिले असते तरी शारदा हसत घेती. पण विमलाला तुकडे पाठवणं कमीपणाचं वाटलं. तिला अख्खीच हवी होती.

आणि दुसऱ्याच दिवशी तिचा भाऊ वर्ध्याहून तिला बाळंतपणाला न्यायला आला. सातवा महिना लागला होता, आणि पहिलं बाळंतपण माहेरी. अनंतराव दिवसभर ड्यूटीवर, आणि मी कुलूपबंद घरात खुंटीवर राहिले.

पाच महिन्यांनी विमला तान्ह्या जयंतला घेऊन परत आली तेव्हा शेजारच्या दोरीवर परक्यांचे कपडे वाळत होते. शारदाच्या नवऱ्याची बदली झाली होती. कुठे, ते अनंतरावांना आठवत नव्हतं. पुरुषांना अशा गोष्टी आठवत नाहीत.

विमला माझ्याकडे बघत उभी राहिली. त्या दिवशी ती खरंच हळहळली, हे मी सांगते. मी खोटं बोलत नाही. पण पुढे काय झालं तेही सांगते.

हळदीकुंकवाला तिने टोपीरोटी केली. बायकांनी तोंडभर वाहवा केली. कुणीतरी विचारलं, "कोणाकडून शिकली व विमला?" शारदाचं नाव तिच्या जिभेच्या टोकावर आलेलं मी पाहिलं. तेवढ्यात तिची नणंद सुनेत्रा, जी नागपूरहून आली होती, फिसकन हसून म्हणाली, "हिले काय येते? शिकली असन कोण्या शेजारणीकडून."

झालं. विमलाचं नाक वर गेलं. "कोणाकडून म्हणजे? माझ्या डोक्यातून काढली."

एवढंच वाक्य. ते एकदा बोलली आणि मग त्याला चिकटून राहिली, जशी ती पहिली रोटी मला चिकटली होती. त्याच संध्याकाळी तिने मला घासून खुंटीवर टांगलं आणि पहिल्यांदाच माझी अक्षरं भिंतीकडे केली.

टोपीरोटीचं नाव मात्र झालं. कॉलनीतल्या पोरांनी ती खायच्या आधी डोक्यावर घालून पाहिली, म्हणून टोपीरोटी. गणपतीत आमच्या कॉलनीत तिच्यासाठी रांग लागायची. लोक माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, या कढईतच होते बरं का, दुसऱ्या कढईत होत नाही. मी ताठ बसायची. खोट्या मानाची चव मलाही लागली होती, हे कबूल करते. भांडं झालं म्हणून काय, ऐकायला गोड लागतंच ना!

मधल्या काळात एक बातमी आली. शारदाचा नवरा निवृत्त झाला आणि ती दोघं अभनपुरला घर बांधून राहिली, असं स्टेशनवरचं कुणीतरी सांगून गेलं. अभनपुर म्हणजे काय सातासमुद्रापार नाही. तासाभराची वाट. विमलाने त्या दिवशी मला खुंटीवरून काढलं, पुसलं, तेल लावलं आणि परत टांगलं. रिकामी कढई नेता येत नाही, हे तिचं आधीचं कारण होतं. आता खोटं बोललेल्या तोंडाने जाता येत नव्हतं. शारदाने दारातच चोर म्हटलं तर? हा प्रश्न ती मलाच विचारायची, हळू आवाजात, घरात कुणी नसताना. मी काय उत्तर देणार? मला कुणी जीभ दिली नाही.

पुढे अनंतराव गेले. जयंत मोठा झाला, नोकरीला लागला आणि त्याने तेलीबांधाकडे फ्लॅट घेतला. तिथल्या स्वयंपाकघरात शेगडी नाही आणि खुंटीही नाही. चार-पाच वर्षं मी बाल्कनीत कोपऱ्यात पडून होते. कुणीतरी माझ्यात कोरफड लावली. मित्रांनो, माझ्यात! कोरफड! माती ओली राहायची आणि मला आतून गंज चढत होता. एक दिवस विमलाने ते पाहिलं आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असं ओरडली, "कोण्या अकलेच्या कांद्यानं हे केलं?" जयंतने हळूच खोली बदलली. तिने स्वतः खाली बसून मला विटेच्या चुऱ्याने घासलं. हात सोलवटले तरी उठली नाही. मग तेल लावून उन्हात ठेवलं. तेव्हाही मात्र माझी अक्षरं तिने मुद्दाम राखेने माखून ठेवली.

आता आपण आजच्या गोष्टीपाशी आलो.

जयंतची बायको मंजिरी नव्या रायपूरला एका संस्थेत लहान मुलांची चित्रपुस्तकं करते. कोणता पदार्थ कुठून आला, कुणी पहिल्यांदा केला, अशी पुस्तकं. समोशाचं झालं होतं, जिलबीचं झालं होतं. आता आपल्या घरातला पदार्थ घ्यावा असं तिच्या मनात आलं. तिने मला धुऊन टेबलावर ठेवलं आणि माझं चित्र काढलं. चित्रात तिने मला गुलाबी गाल काढले. मी काय लग्नातली बाहुली आहे? पण ते एक वेळ चालेल. राखेने अर्धवट बुजलेली अक्षरं दिसली तेव्हा तिने विचारलं आणि तिला 'नक्षी' असं उत्तर मिळालं, हे मी सुरुवातीलाच सांगितलं. नक्षी वेडीवाकडी दिसते म्हणून तिने चित्रातून ती गाळून टाकली.

दोन आठवड्यांनी मंजिरीने सगळ्यांना बसवून पुस्तक वाचून दाखवलं. "एका हुशार आजीने, कुणाच्याही मदतीशिवाय, आपल्या डोक्यातून एक नवा पदार्थ शोधला. तिची कढई तिला तिच्या आईने दिली होती."

जयंतने टाळ्या वाजवल्या. नऊ वर्षांची राधिका, विमलाची नात, जिला मराठी समजतं पण जी उत्तर हिंदीत देते, ती ओरडली, "दादी, आप तो फेमस हो गईं!"

विमलाचा चेहरा मी शेगडीच्या उजेडात, गॅसच्या उजेडात आणि विजेच्या उजेडात पाहिलेला आहे. असा कधी पाहिला नव्हता.

"हे छापणार?" तिने विचारलं.

"हो ना आई. पुढच्या आठवड्यात. शाळाशाळांत जाणार."

तुम्हाला यात काय विशेष, असं वाटेल. पण विमला चौथी शिकलेली बाई. वर्तमानपत्र ती एकेका ओळीखाली बोट ठेवून वाचते, आणि छापलेलं असतं ते खरंच असतं, असं तिचं पक्कं मत आहे. कॉलनीतल्या बायकांना मारलेली थाप वेगळी. ती हवेत जाते. पण छापलं की ते खरं होणार, आणि मग शारदा कधी नव्हतीच असं होणार. शाळेतली पोरं ते पाठ करणार. त्या दिवशी तिने दोन घास खाऊन ताट सारलं. पन्नास वर्षांत तिने ताट सारलेलं मी दोनदाच पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती मंजिरीला म्हणाली, "ते पुस्तक राहू दे."

"काहून आई?"

"चांगला नाही तो पदार्थ. पोट्ट्यांचं पोट दुखते."

"आई, तुम्हीच तर म्हणता, टोपीरोटीनं कोणाचं पोट दुखलं नाही."

"मी काहीही म्हणते. तू काय माझं सगळं ऐकते का?"

जयंत हसून म्हणाला, "आई लाजून राहिली. मंजिरी, तू छाप."

विमलाने त्याच्याकडे अशी नजर टाकली की त्याने वर्तमानपत्र डोळ्यांपुढे धरलं. उलटं.

चार दिवस ती सगळ्यांवर खेकसत राहिली. भाजीवाल्याच्या भेंड्यांवर, शेजाऱ्याच्या चपलांवर, राधिकाच्या वेणीवर. मला रोज घासायची. जे एरवी ती चार दिवसांनी करायची, ते रोज. पाचव्या दिवशी दुपारी मंजिरी म्हणाली, "आई, उद्या सकाळी पुस्तक छापायला जाते. शेवटचं एकदा बघून घेता का?"

विमला उठली. मला दोन्ही हातांनी उचलून आणलं आणि जमिनीवर बसकण मारली. राधिकाला हाक मारली. मला तिरपं केलं, ओल्या फडक्याने काठावरची राख पुसली आणि म्हणाली, "वाच."

"क्या दादी?"

"हे वाच."

"पर ये तो डिझाइन है. आपने ही बोला था."

"वाच म्हटलं ना!"

राधिकाचं बोट ठिपक्यांवरून फिरलं. पन्नास वर्षांनी कुणीतरी मला वाचत होतं. "शा... र... दा." ती म्हणाली. "शारदा! शारदा कौन है, दादी?"

मंजिरी चष्मा हातात घेऊन दारात उभी होती.

"मालकीण आहे," विमला म्हणाली. "कढईची. अन् अर्ध्या रोटीचीही."

मग तिने सगळं सांगितलं. भात, भिंत, पंधरा दुपारी, माहेरचा भाऊ, दोरीवरचे परके कपडे. सुनेत्रासमोर टाकलेलं वाक्यही सांगितलं. सांगताना ती मंजिरीकडे बघत नव्हती, माझ्या तळाकडे बघत होती.

मंजिरी खाली तिच्याशेजारी बसली. "आई, मी विचारलं तेव्हाच काहून नाही सांगितलं?"

"तू विचारलं, हे काय आहे. तू असं विचारलं का, की आई, तुम्ही खोटं बोलून राहिल्या का?"

मंजिरीला हसू आलं. तिने ते दाबलं, पण खांदे हलले. मग विमलाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तेही तिने दाबलं. माझी खात्री आहे, त्या दिवशी त्या दोघी पहिल्यांदा सासू-सुनेसारख्या न बसता माणसांसारख्या बसल्या.

मंजिरीने ऑफिसला फोन करून सांगितलं की पुस्तक आठ दिवस थांबेल, गोष्ट अर्धीच लिहिली गेली आहे. मग म्हणाली, "उद्या अभनपुरला जाऊ."

"ती मले चोर म्हणेल."

"म्हणू द्या."

"दारातच म्हणेल. चार लोकांसमोर."

"आई, मी असेन ना तुमच्यासोबत."

"तू असशील म्हणून तर जास्त लाज वाटून राहिली, पोट्टे!"

सकाळी विमलाने माझ्यात टोपीरोटी लावली. रिकामं भांडं तर ती आजही नेणार नव्हती. भोकं वाकडी पडली. मी ठरवलं, काही झालं तरी आज धरून ठेवायचं नाही. तिने पालथं घातलं आणि मी एका झटक्यात सोडलं. अख्खी. एक कणही माझ्याकडे राहिला नाही. तिने ती पुन्हा माझ्यातच बसवली, वर थाळी झाकली आणि फडक्यात गाठ मारली.

अभनपुरला घर शोधायला वेळ लागला नाही. फिटर साहेबांचं घर सगळ्यांना माहीत होतं. परछीत एक म्हातारी सुपात तांदूळ निवडत बसली होती. केस पांढरे, पण मान तशीच तिरपी. मी तिला तत्काळ ओळखलं. विमला दाराशीच थबकली. तिने फडकं सोडलं आणि मला पुढे केलं.

शारदाने विमलाकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग हात पुढे करून माझ्या काठावरून बोट फिरवलं, ठिपक्या ठिपक्यावरून, अगदी शेवटच्या कान्यापर्यंत.

"मोर कराही," ती म्हणाली. माझी कढई.

मित्रांनो, त्या दोन शब्दांनी माझं सगळं लोखंड पातळ झालं.

"शारदा, मी विमला. रेल्वे क्वार्टरची."

"कराही को पहचान लिया," शारदा म्हणाली. "तुमको पहचानने में थोडा टाइम लगेगा. बहुत मोटी हो गई हो."

"तू कोणती बारीक राहिली?" विमलाच्या तोंडून निघून गेलं. मग तिने जीभ चावली आणि एका दमात म्हणाली, "चोर म्हण मले. म्हणायचं ते म्हणून टाक, मंग मी बसतो."

शारदाने थाळी काढली. टोपीरोटी पाहून तिच्या भुवया वर गेल्या. एक तुकडा मोडला, तोंडात टाकला, सावकाश चावला.

"तिल कम है," ती म्हणाली.

"कम नाही! बरोबर आहे!"

"कम है." मग तिने आत हाक मारली, "सोनिया, वो अपनी वाली ला तो."

सोनिया म्हणजे शारदाची सून. ती एक ताट घेऊन आली. ताटात काय होतं सांगू? टोपीरोटी. ॲल्युमिनियमच्या कढईतली, जरा चपटी, पण तीच. तशीच भोकं आणि तसेच तीळ. विमला बघतच राहिली.

"आप लोग भी बनाते हैं?" सोनियाने मोठ्या कौतुकाने विचारलं. "ये तो हमारी अम्मा ने निकाली है. पूरा पारा, पूरा मोहल्ला जानता है. किसी से सीखी नहीं, अपने दिमाग से."

शारदा एकदम खाली वाकली आणि सुपातले खडे फार लक्ष देऊन शोधू लागली.

"शारदा," विमला म्हणाली.

शारदा खडे शोधत राहिली.

"शारदा, तूही?"

"हव," शारदा सुपाकडे बघतच म्हणाली. "पचास साल से."

विमला आधी हुंदका दिल्यासारखी हसली. मग शारदा हसली, तेच जुनं, दोन घरं ऐकतील असं हसणं. मग दोघींना थांबताच येईना. सूप कलंडलं, तांदूळ परछीभर झाले. सोनिया मंजिरीकडे बघायला लागली आणि मंजिरी तिच्याकडे. विमला खांबाला टेकून खाली बसली. इतक्या वर्षांत ती एवढी सैल बसलेली मी पाहिली नव्हती. खांद्यावरून धान्याचं पोतं उतरवल्यावर माणूस बसतं, तशी.

त्यानंतर दोघींनी पोटभर खाल्लं, एकमेकींची रोटी, आणि तासभर भांडल्या. पुस्तकात नाव कुणाचं आधी? शारदा म्हणाली, भात मेरा, कराही मेरी. विमला म्हणाली, तीळ माझे, भोकं माझी. मंजिरी वहीत लिहीत होती, खोडत होती, परत लिहीत होती. शेवटी तिने वही मिटली आणि म्हणाली की दोघी ज्या क्रमाने भांडल्या त्याच क्रमाने छापते. मला कुणी काही विचारलं नाही, पण तिने माझं चित्र तिथे बसूनच पुन्हा काढलं आणि या वेळी तीन अक्षरं आधी काढली. मी तिला बाकीचं सगळं माफ केलं.

निघताना शारदाने मला ठेवून घेतलं नाही. आत जाऊन तिने माझ्यात अइरसे भरले, आपल्या अनारशाचे हे इकडचे भाऊ, आणि मला विमलाच्या हातात दिलं. "लहुटाबे," ती म्हणाली, परत आण. "और इस बार जल्दी. मेरे पास और पचास साल नहीं हैं."

तर मित्रांनो, माझं एक मागणं आहे. तुमच्या घरात कुठेतरी जुनं भांडं असेल. माळ्यावर, बाल्कनीत, कुंडी म्हणून. ते पालथं करून बघा, काठ पुसून बघा. कुणाचं नाव असेल तर ते मोठ्याने वाचा आणि घरातल्या मोठ्यांना विचारा, ही कोण? ते म्हणतील नक्षी आहे. ऐकू नका. पुन्हा विचारा. आणि गंज चढला असेल तर घासा, तेल लावा. आम्हाला एवढंच लागतं.

परत येताना गाडीत विमलाने मला मागे ठेवू दिलं नाही. मांडीवर घेतलं. तिचा एक हात माझ्या काठावर होता, नेमका त्या अक्षरांवर, पण आता झाकण्यासाठी नव्हे. थोड्या वेळाने ती खिडकीला डोकं टेकून पेंगायला लागली. चार-पाच दिवसांची झोप राहिली होती ना बाईची. रस्त्यातल्या एका गतिरोधकावर गाडी उडाली, माझा काठ तिच्या बांगड्यांवर आपटला आणि मला आयुष्यात पहिल्यांदा मोठा आवाज मिळाला. ती दचकून माझ्याकडे बघायला लागली. ती संधी मी सोडली नाही. खणखणीत सांगितलं:

"विमला, खोटारडी तू होतीसच, त्याला माझा इलाज नाही. पण चोर तू एक दिवसही नव्हतीस, हे मी सांगते, आणि माझ्याइतकं हे कुणाला ठाऊक असणार? आता दोन्ही हातांनी नीट धर. मी पडले तर मला काही होणार नाही, तुझाच पाय मोडेल."